आई पलीकडे निघाली आहे

२ ऑक्टोबर १९६५

चि. भांडकुदळास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकीट नेहमीसारखंच उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. मधे जे कोणी साहेब आपली पत्रं वाचतात त्यांनाही माझा नमस्कार. इतक्या वर्षांत तेही घरचेच झाले.

इकडे बरं आहे. थंडी जरा लवकर पडली. मला कारखान्यात शिवण विभागाची मुख्य केलं, म्हणजे आता दिवसभर उभं राहून इतरांचे टाके बघायचे आणि संध्याकाळी पाय शेकायचे. तुला हसायला एक गंमत सांगते. यंदा किती जोडे काढायचे तो आकडा वरून आला, पण कातडं आलं बेताचंच. मग आम्ही सगळे जोडे लहान मापाचे काढले. आकडा पुरा झाला, वरून शाबासकी मिळाली, आणि मोठ्या पायांची माणसं जुन्याच जोड्यांना ठिगळं लावत बसली आहेत. झालं समाधान? पण फार खूश होऊ नकोस. इथे कोणाला कामावरून काढत नाहीत आणि दवाखान्यात कोणी खिसा तपासत नाही. 'सगळ्यांचं' म्हटलं की तू नाक मुरडायचास, तसं आता वाचतानाही मुरडलं असशील.

बाबांचं जोड्यांचं दुकान सरकारने कारखान्यात सामील करून घेतलं त्या दिवशी तू ताटावरून उठलास. "सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही," म्हणालास. मी म्हणाले, "आणि तुझं एकट्याचं म्हणजे बाकीच्यांनी अनवाणी फिरायचं!" मधे बसलेली आई म्हणाली, "आधी पानातलं संपवा, मग जगाचं बघा." तू संपवलं नाहीस. बाबांची कातडं कापायची रापी आणि आरी पिशवीत टाकलीस आणि चालत पलीकडे गेलास. तेव्हा चालत जाता येत होतं. सरहद्दीवरची काटेरी तार नंतर आली. बाबांना युद्धाने नेलं आणि तुला युद्ध जिंकलेल्यांच्या भांडणाने, ज्याने देशाचे दोन तुकडे केले. माझा राग मात्र कधीच गेला, हे तुला एकदा लिहायचं होतं.

आता खरी बातमी. म्हाताऱ्या माणसांना पलीकडच्या नातेवाइकांकडे दोन आठवडे जायची परवानगी मिळू लागली आहे. आईला मिळाली! येत्या दहा तारखेला, रविवारी ती निघते. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, आता निवृत्त झाल्यात, बहिणीकडे चालल्यात, त्याच तिला गाडीतून आणतील. तू स्टेशनवर हजर राहा.

तिला चहा कोमट लागतो. जिना चढताना डावा हात धर, उजवा खांदा दुखतो. शेगडीजवळ एकटी सोडू नकोस. बाहेरच्या दाराला वर कडी लाव, तिचा हात पोचणार नाही अशी. ती एकच गोष्ट चारदा विचारेल. चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दे.

तू म्हणशील, दोन आठवड्यांच्या पाहुणीसाठी एवढा बंदोबस्त कशाला?

मघापासून जोड्यांचं पुराण लावलं ते हे लिहायचं टाळायला. आई मला ओळखत नाही. मला 'बाई' म्हणते. मी केस विंचरते, तर म्हणते, "बाई, तुमचे फार उपकार झाले. पण आता माझा मुलगा येईल न्यायला." तुझा फोटो उशाशी असतो. ओळखते ती फक्त तुला.

मागच्या महिन्यात मी कामावर असताना ती झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून घराबाहेर पडली आणि थेट तारेपर्यंत गेली. पहाऱ्यावरच्या शिपायाने हाताला धरून घरी आणलं. दारात मला म्हणाला, "आजी तारेत हात घालत होत्या. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर..." मी त्याला आत बोलावून चहा दिला.

म्हणून सांगते, तिला परत पाठवू नकोस. मुदत टळली की तिला पुन्हा इकडे येता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हातारी माणसं तिकडेच राहिली तर इथे कोणी अडवत नाही, उलट पेन्शन वाचतं. वाचणाऱ्या साहेबांनाही हे माहीत आहे. मला मात्र परवानगीचं वय व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर काय होईल ते मला कळतं, तू लिहायला नको.

मी रागाने पाठवत नाही रे. ज्याला ती ओळखते त्याच्याजवळ तिने राहावं, एवढंच. तुझ्या बायकोला माझा गोड पापा. न पाहिलेल्या भावजयीवर एकदम सासूच पाठवते आहे, मला क्षमा कर म्हणावं.

तुझी,
ताई


२८ ऑक्टोबर १९६५

ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

आई सुखरूप पोचली. गाडीतून उतरली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, एवढी पेटी उचलता का?"

मी उचलली. फोटोतल्या पोराला केस होते आणि पोट नव्हतं, तिची काय चूक! घरी आल्यावर मी तिच्यापुढे बसून म्हटलं, "आई, मीच तुझा मुलगा." "असाल हो," ती म्हणाली, "पण माझी मुलगी कुठे आहे? एव्हाना कारखाना सुटला असेल."

तेव्हापासून तुझाच जप चालू आहे. ज्याला त्याला सांगते, "माझी मुलगी शिवण विभागाची मुख्य आहे." ताई, तू सांगितलेलं वाया गेलं नव्हतं. केस कोण विंचरतं हे तिला कळत नसेल, पण तू मुख्य झालीस हे तिने धरून ठेवलं आहे.

पहिले दोन दिवस मला फार लागलं. इतकी वर्षं वाट पाहिली आणि हाती काय आलं, तर 'अहो'! मग बायको म्हणाली, "तारेच्या पलीकडे जो असेल तोच त्यांना दिसतो. तुम्ही तिकडे असतात तर तुम्ही दिसला असतात." त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की आईही हसायला लागली.

तू माझ्या इथल्या दुकानाचं विचारत असतेस आणि मी 'ठीक' लिहितो. दुकान गेल्या वर्षीच बंद झालं. समोर मोठं दुकान आलं, माझ्या कातड्याच्या भावात त्यांचे तयार जोडे. आता मी त्यांच्याकडेच नोकरीला आहे. गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकांच्या पायांत जोडे चढवतो. मापं मात्र सगळी मिळतात हो आमच्याकडे! तुला कळवलं असतं तर भांडण हरल्यासारखं झालं असतं. आता पोटभर हसून घे.

मुदत संपत आली तेव्हा आम्ही विचार केला. ती तुला शोधते आहे, तर तिला तुझ्याकडेच पाठवावं का? पण तिकडे पोचली की पुन्हा मला शोधत तारेकडे निघेल, आणि दर वेळी तोच शिपाई पहाऱ्यावर असणार नाही. आम्ही तिला ठेवून घेतलं. मुदत टळली.

बायको सकाळी धुलाईच्या कामाला जाते आणि मी दुपारी निघतो, त्यामुळे आई घरात कधी एकटी नसते. सकाळी मी तिला तुझ्या गोष्टी सांगतो. तू माझ्यासाठी शाळेत मारामारी केलीस ती तर तिला रोज लागते. रोज विचारते, "मग? माझी मुलगी हरली का?" मी रोज सांगतो, "छे! ती कुठली हरते!"

आत्ता लिहीत होतो तर शेजारी येऊन बसली. "कोणाला लिहिता?"

"तुमच्या मुलीला."

ती म्हणाली, "लिहा, आईला इथे बरं आहे. इथले लोक प्रेमाने करतात. कामावरून आलीस की गरम गरम जेवून घे. आईसाठी थांबू नकोस."

तिचे शब्द आहेत तसेच लिहिले. तिने कागदावर हात फिरवून पाहिला आहे.

तुझा,
धाकटा