आईच्या तोंडी दिलेलं वाक्य

प्रकाशा गाव, फाल्गुन शुद्ध तृतीया, १९४९

आज घरात माझ्या वडिलांवरच्या, अण्णांवरच्या बोलपटाचं चित्रण झालं. घर खरं, आई खरी, फक्त अण्णा म्हणून पुण्याचा नट. प्रसंग अण्णा सत्याग्रहाला निघाले त्या सकाळचा, म्हणून आईला कुंकू लावायला सांगितलं. अण्णा तुरुंगातच वारले, तेव्हापासून तिचं कपाळ मोकळं. कुंकू मीच लावलं. लावायला हवं होतं का?

मग दिग्दर्शकांनी तिला वाक्य दिलं, "जा, देशासाठी जा."

"मी आसं नही बोलनू, भाऊ. मी म्हनं, नका जावा, पोर लहान शे."

"लोकांना ते रुचणार नाही, वहिनी."

शेवटी आईने त्यांचं वाक्य म्हटलं. सगळे रडले. मी गप्प का बसले? खरं बोलायला मला अण्णांनीच शिकवलं, याच घरात.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी अण्णा निघाले त्या सकाळचं विचारलं, "त्या निंघनात तवय तू काय म्हनं वं?"

कुंकू पुसलं तरी आईच्या कपाळावर तांबूस डाग होता. ती म्हणाली, "जा म्हनं मी. देशकरता जा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच आठवत होतं.

त्या सकाळी दारात आम्ही तिघंच होतो. आता ते आठवणारी मी एकटी.