कुटणारी आणि भाजणारी

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १२-२-७४

प्रिय शिवबाई,

तुझं कार्ड वाचून तसंच चुलीत घालणार होते. थोरल्या दिराच्या किराणा दुकानात बसतीस म्हणं, आणि बरं चाललंय म्हणं. काय बरं चाललंय? पदरावर पाय देऊन उभ्या राहिलेल्या बाईला 'सरक' म्हणायला तुला अर्धा तास लागायचा, तू गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणार? तुझे मालक वारले, घरात रिकामी नको म्हणून बसवलं असंल. पण माणूस बघून काम द्यायचं असतं की.

आपल्या अव्वाला ते कळायचं. शाळेची पायरी चढली न्हाय, पण दोघी लेकींचे स्वभाव बघून कामं वाटली. माझ्या अंगात राग, म्हणून मुसळ माझ्या हातात. तेल सुटंस्तवर शेंगाचटणी मी कुटायची. तू थंड, म्हणून दाणे भाजणं तुझं. मंद आचेवर तासभर हलवत बसायचीस, जशी काय लेकरं निजवतीस. एकदा मी हट्टानं कामं बदलून घेतली, आठवतंय? माझे दाणे करपले आणि तुझी चटणी भुशासारखी कोरडी. शेंगदाण्याला लागंल म्हणून तू मुसळ अलगद टेकवत होतीस. अव्वा हसून हसून भिंतीला टेकली.

तू सासरी गेल्यापासून बावीस वर्षांत भाजायला सात बाया ठेवल्या. सगळ्या पळाल्या. माझ्या तोंडापुढं कोण टिकतंय? मग मीच भाजायला लागले. धीर कुठला? आच वाढवते, दाणे लागतात. गिऱ्हाइकं म्हणतात, रत्नम्माच्या चटणीला जरा करपट चव हाय, तशी पेठेत कुणाकडं न्हाय. मी मान हलवते. ती चव तू हितं न्हाईस त्याची हाय, हे त्यांना काय सांगू?

आता माझा उजवा खांदा गेला. मुसळ सुनेला दिलं. ईरम्मा माझ्यापेक्षा तापट निघाली, लई झकास कुटती. पण दोघी तापट, कढईपुढं बसणार कोण? तुझी कीव आली म्हणून लिहीत न्हाय, कीव करायला मला येत न्हाय. मागल्या खोलीत नवी चूल घातलीय. तू डाव्या हातानं हलवतीस, म्हणून लाकडं सारायचं तोंड उजवीकडं ठेवलंय. घरात डावरं कुणी न्हाय. ईरम्मा रोज विचारती, अत्ती, ही उलटी चूल कुणासाठी? तिला काय सांगू, ते पुढच्या सोमवारच्या आत कळव.

तुझीच अक्का,
रत्नम्मा