दोन रिंगा

बुधवार, नोव्हेंबर २००१. जेवणं झाल्यावर.

आज मी लबाडी केली. कशी केली, माझं मलाच कळत नाही.

आमचा विनू रोज फायटर विमान खाली उतरवलं की घरी दोन रिंगा देतो आणि ठेवतो. आपण उचलायचं नाही, पोरगं सुखरूप आहे एवढं समजायचं. आज सहा वाजले, सात वाजले, फोन गप्पच. त्यात बातम्यांत सांगितलं, राजस्थानात, विनू असतो तिकडंच, हवाई दलाचं विमान पडलं. पायलटचं नाव नाही. विनूच्या मेसला फोन लागेना. ही फोनशेजारी बसलेली, पाण्याचा घोट घेईना. बघवेना मला.

पान खाऊन येतो म्हणून बाहेर पडलो. उचगावच्या चौकातल्या बूथवरनं आमचाच नंबर फिरवला. दोन रिंगा दिल्या. ठेवला.

परत आलो तर ही दारातच. "अवो, उतरला की विनू! दोनदा वाजला!" हसत होती, रडत होती. ताटं वाढली. मी जेवलोसुद्धा! कसला बाप मी?

आता ती भांडी घासतेय, गुणगुणतेय. मी फोनकडं बघत बसलोय. खऱ्या दोन रिंगा आल्या, तर माझी चोरी पकडली जाईल.

जाऊ दे पकडली. देवा, आत्ताच्या आत्ता जाऊ दे.