तळपायानं ऐकायचा आवाज

३ जाने. ८६, शुक्र.
आज पुन्हा. पाइपलाइनजवळच्या उतारावर ह्यांनी जीपचा गिअर बदलला आणि खालून ठण्! लोखंडी कढईवर पळी आपटावी तसं. मागं शाळेची आठ मुलं नि मी. रेश्मा, गाडीतली सगळ्यांत लहान, पहिलीतली, लगेच म्हणाली, "काकांच्या गाडीनं दात खाल्ले!" सगळी हसली. मीही हसले. पण तिच्या फ्रॉकचा पट्टा मी मुठीत धरला होता, तो मुलुंडला शाळेचं फाटक येईपर्यंत सोडला नाही.
घरी आल्यावर ह्यांना विचारलं. "कसला आवाज? मला नाही आला."
ह्यांना कसा येणार. तेवीस वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यांपुढं उभं राहून कान केव्हाच गेलेत.

५ जाने., रवि.
सकाळी पुन्हा विषय काढला. हे म्हणाले, "अगं, गाडी कानानं ऐकायची नसते." गिरणीच्या त्या गदारोळात कानाचा उपयोगच नव्हता म्हणे. साचा बिघडणार असला की जमिनीतून तळपायाला कळायचं. म्हणून जीपही चपला काढूनच चालवतात, पहिल्या दिवसापासून.
आणि हे खोटं नाही. मागच्या वर्षी चाकाचं बेअरिंग जाणार, हे ह्यांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं. मेस्त्रीसुद्धा चाट पडला होता.
मग मला ऐकू येतो तो आवाज कुठला? का मीच...

८ जाने., बुध.
ठण् चार वेळा. आता मोजायला लागले आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एकदा, उतारावर दोनदा, शाळेपाशी एकदा.
मासिकासाठी मुलांची गोष्ट द्यायची आहे. कासव नदीकाठी येऊन थांबलंय. चार दिवस तिथंच उभं आहे.
संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखा रोटर आणून देव्हाऱ्यात ठेवला, कुंकवाच्या करंड्याशेजारी. मिलिटरीच्या लिलावातली जीप, तिला किल्लीच नाही, नुसता खटका. म्हणून हा बाटलीच्या बुचाएवढा काळा तुकडा इंजिनातून काढून आणायचा. तो नसला की गाडी पेटत नाही, चोराला नेता येत नाही. मी रोज दिव्याबरोबर त्यालाही नमस्कार करते. आज जरा जास्त वेळ केला.

११ जाने., शनि.
दु. शाळा सुटल्यावर बाबल मेस्त्रीकडं. आमच्याच गावचा, बोलणं अजून अस्सल मालवणी. मी वर्णन करून सांगितलं तर म्हणाला, "वयनी, कानान शोधू नको. कान फसवता. मागे बस नि पत्र्यार हात ठेव. खय लागता ता सांग."
हे चालवायला, मेस्त्री शेजारी, मी मागं उकिडवी, दोन्ही तळवे गाडीच्या पत्र्यावर. सर्व्हिस रोडनं तीन फेऱ्या. लोक बघत होते. ठण् आला तो तळव्यात, मधोमध, सीटच्या खाली. सांगितलं.
मेस्त्रीनं ह्यांच्याकडं बघून डोळा मारला. "भाऊ, बायको ठेवतंस का माझ्या ग्यारेजीत?"
"ने. पण सकाळी चहा तूच करून द्यायचास."
खूप दिवसांनी दोघं असे हसले. मला हसू येईना. आवाज खरा निघाला, माझा भास नव्हता. भास असता तर बरं झालं असतं.

१२ जाने., रवि.
ही जीप चारही चाकांनी ओढते. पोटाखाली दोन लांब दांडे, एक पुढच्या चाकांकडं, एक मागच्या. मेस्त्री त्यांना शाफ्ट म्हणतो. आज पुढचा काढून ठेवला नि नुसत्या मागच्या चाकांवर फिरवून आणली. ठण् तसाच. म्हणजे पुढचा निर्दोष. मागच्यावर खूण करायला त्याला काहीतरी हवं होतं. माझ्या पिशवीत वर्गातला खडू होता. त्यानं शाफ्टवर रेघ मारली, गिअर टाकून ठेवला नि हातानं शाफ्ट हलवला. रेघ बोटभर सरकली, मग अडली. एवढी सरकायला नको म्हणे. सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, क्रॉस, झिजलाय. "ह्या बोटभर ढिलाईत ता आपटता."
उरलेला खडू पिशवीत परत टाकला.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
संध्याकाळच्या हळदीकुंकवाची तयारी करत होते. हे आंघोळ करून आतल्या खोलीत गेले. फरशीवर ओली पावलं, आणि डाव्या पावलात दर वेळी एक लाल ठिपका. आधी वाटलं, माझ्याच हातून कुंकू सांडलं.
पत्र्याचा कपचा रुतला होता, टाचेपासून दोन बोटं पुढं. चिमट्यानं काढला. चांगला खोल.
"दुखलं नाही?"
"गिरणीतले पाय आहेत बाई. त्यांना काय दुखतंय."
तिळगूळ दिला. माझ्या हातात कपचा तसाच होता, मग लक्षात आलं.

१६ जाने., गुरु.
क्रॉस बदलला. जुना मेस्त्रीनं माझ्या हातावर ठेवला. आतल्या बेअरिंगच्या बारीक सुयांचा नुसता तांबडा भुगा. "बग, सुयांची रांगोळी झाली." येताना जीप एकदम शांत. मेस्त्री चालवत होता, हे शेजारी.
घरी येऊन कासवाला नदीत सोडलं. दोन पानं लिहून झाली.

१७ जाने., शुक्र.
ठण्.
तेवढा मोठा नाही. पण आहे.

२० जाने., सोम.
पाइपलाइनचा उतार. ह्यांनी तिसऱ्यातून दुसरा टाकायला घेतला, खरखर झाली, ठण् झाला आणि गिअर पडलाच नाही. गाडी मोकळी सुटली. पाच सेकंद? दहा? मुलांना वाटलं मजा, "सुसाट काका, सुसाट!" खाली वळणावर दुधाच्या बाटल्यांची गाडी उभी. ह्यांनी ब्रेकवर उभं राहून आवरली. दोन हात उरले असतील.
रेश्माचा डबा उघडून पोहे सांडले. ते वेचायला मी खाली वाकले, म्हणून कुणाला माझं तोंड दिसलं नाही.
गाडी शाळेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये.

२१ जाने., मंगळ.
म्हटलं, आठवडाभर गाडी बंद ठेवू या.
"आणि करू काय? खिडकीत बसू?"
संप फिसकटला, गिरणी परत उघडली ती ह्यांना न घेता, त्यानंतरचं अख्खं वर्ष हे खिडकीत बसून होते. समोरच्या डोंगराकडं बघत. जेवायला बोलावलं तरी दोनदा हाक मारावी लागायची. ही मुलं जीपमध्ये चढायला लागली तेव्हा माझा माणूस मला परत मिळाला. तो खिडकीतला पुन्हा नको.
पण आठ मुलं. त्यांच्या आया रोज सकाळी माझ्याकडं बघून हात हलवतात. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. बाई बरोबर आहेत ना, मग झालं.
आणि मी आजही त्यांना घेऊन गेलेच.

२२ जाने., बुध.
मेस्त्रीनं ह्यांना न घेता स्वतः चालवून बघितली. तो उतार, दोनदा. मी मागं, पत्र्यावर तळवे. काहीही नाही. मग ह्यांनी चालवली. तिसऱ्या बदलाला ठण्.
मेस्त्री उतरला, हात पुसत राहिला. "गाडयेत आता काय एक नाय, वयनी." मग माझ्याकडं न बघता, "भाऊंका जरा इचार."
काय विचारू, ते नाही सांगितलं.

२४ जाने., शुक्र.
आज रेश्माला मागं मोठ्या मुलांत बसवून मी पुढं बसले. आवाज ऐकायचा नाही असं ठरवलं, नुसता पाय बघायचा. डावा. क्लचवरचा.
उजवा पाय हळूच दाबतो, हळूच उचलतो, पूर्वीसारखा. डावा क्लच दाबतो तो कधी अर्धाच. आणि सोडतो तेव्हा सोडत नाहीच, निसटतो. ओल्या हातातून पेला निसटावा तसा. पेडल फाटकन वर येतं नि खाली ठण्.
शाळेत उतरल्यावर ह्यांनी चपला घातल्या, मुलांना टाटा केला, जीपला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. डावी चप्पल जागच्या जागी राहिली होती. ह्यांना पत्ता नाही.
मी ती उचलून नेऊन दिली. "विसरलात."
"हो का?"
किती दिवस? गणपतीत देवळात एकदा चप्पल राहिली होती तेव्हा मी चिडवलं होतं.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन करून आले. दु. हे पेपर तोंडावर घेऊन पडले होते. पिशवीत तो खडू सापडला.
"डोळे मिटा."
"कशाला?"
"मिटा हो."
उजव्या तळव्यावर रेघ ओढली. पाय झटकन मागं. "म्हातारपणी गुदगुल्या करतेस?"
मग डाव्यावर. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश, दाबून. एक. शेजारी दुसरी. ह्यांचे डोळे मिटलेले, तोंडावर हसू तसंच.
"लाव ना. किती वेळ थांबायचं?"
ह्यांनी डोळे उघडले. माझा हात बघितला, खडू बघितला. मग पाय मांडीवर ओढून तळवा वर केला. दोन पांढऱ्या रेघा. अंगठ्यानं एक पुसून पाहिली.
मग एवढंच, "उद्या पोरांना न्यायचंय."

२७ जाने., सोम.
पहाटे ह्यांच्या आधी उठून मी देव्हाऱ्यातला रोटर काढला नि पदरात बांधला. देवघरातली वस्तू चोरली. आयुष्यात पहिल्यांदा.
हे आंघोळ करून देव्हाऱ्यापाशी आले. हात करंड्याशेजारी गेला नि थांबला. वळून माझ्याकडं बघितलं. मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं नाही.
बाहेर सहा मुलं गाडीत चढून बसली होती. हे त्यांना म्हणाले, "उतरा रे. आज रोटर सापडत नाही. आज पलटण पायी."
दोन-दोनची रांग, पुढं हे, मागं मी. वाटेत बाकीची दोघं मिळाली. उतारावर ह्यांची डावी चप्पल निसटली. हे चार पावलं पुढं. रेश्मा ओरडली, "काका, तुमची चप्पल!" हे थांबले. मला वाटलं, लाजतील. पायाकडं बघत बघत चप्पल घातली. मग माझ्याजवळ येऊन चालायला लागले.
"गणपतीपासून जमीन कापसासारखी लागते," म्हणाले. "वाटलं, गिरणी सुटली, तळव्याची सवय गेली."
चार महिने मला सांगितलं नाही. आणि मी फक्त गाडी ऐकत बसले.
सं. डॉक्टर. टाचणी लावून पाहिली. डाव्या पायाला घोट्याच्या वर वीतभरापर्यंत काहीच कळत नाही. "साखर असेल. नसेल तर दुसरं काही असेल." ते 'दुसरं' त्यांनी हळू उच्चारलं. ज्याच्या नावानं लोक ताट-पेला वेगळा करतात, तो शब्द मी इथंही लिहिणार नाही. रक्त-लघवी दिली, गुरुवारी कळेल. तोवर गाडी चालवायची नाही.
येताना हे म्हणाले, "पाय दिसतो तर मला. लागत नसेल. बघून सोडीन क्लच."
"पायाकडं बघाल, तर रस्त्याकडं कोण बघणार?"
"तू."
गमतीनं म्हणाले का खरंच, अजून कळलेलं नाही.
दारात रेश्माची आई उभी होती. "उद्या गाडी आहे ना हो, काका?" हे म्हणाले, "बघू."
दिवा लावताना मी रोटर परत जागेवर ठेवला. लपवून किती दिवस चालेल. ह्यांनी पाहिला. हात नाही लावला. आम्ही जेवलो.

२८ जाने., मंगळ. सकाळी ६.२०
देव्हाऱ्यात रोटर नाही. करंड्याशेजारी सांडलेल्या कुंकवात त्याचा गोल उमटलाय फक्त.
हे अंथरुणात नाहीत. चपला दाराशी आहेत, दोन्ही.
बाहेर बॉनेटचा आवाज आला. उघडल्याचा की लावल्याचा, सांगता येत नाही. रोटर बसवताहेत, की मेस्त्रीला नेऊन द्यायला काढून घेतलाय? खिडकीतून गाडीची फक्त मागची बाजू दिसते. मुलांचे आवाज जवळ येतायत. रेश्माचा सगळ्यांत वर.
जायला हवं. वही हातात तशीच आहे. जीप दारात सुरू झाली की आमची फरशी थरथरते, मांडणीतल्या ताटल्या वाजतात. ताटल्या अजून गप्प आहेत.
अनवाणी उभी आहे. फरशी गार आहे. कळायचं ते आधी तळव्याला कळेल.