वाफ्यात फक्त कलिंगडं

पुणतांबा, २१ जानेवारी १९४६
कोर्टातली शिरस्तेदारी संपली. आता बागायत. परसात कलिंगडं लावणार. नियम एकच: वाफ्यात कलिंगडाशिवाय काडी उगवता कामा नये. गावचे लोक गवतात पीक शोधतात. आपल्याकडे डिसिप्लिन.

२४ जानेवारी
वाफा साफ. हराळी, लव्हाळा, सौ.ची मेथी, कोपऱ्यातली जाई, सगळं उपटलं. जाई आमच्या लेकीने, लीनाने, लग्नाआधी लावलेली. पण लीना बाळंतपणात गेली त्याला वर्ष होईल, आणि वेलीची सावली पडत होती. सावलीत कलिंगड धरत नाही, हे शास्त्र आहे. सौ. देवळातून आली, ढिगाजवळ उभी राहिली. मग तशीच आत गेली. म्हणजे पटलं असावं.

२७ जानेवारी
सौ. भावाकडे राहात्याला गेली. म्हणाली, "मला इथं करमत नाही." चेंज हवाच होता तिला. मी बिया टोकल्या. शांततेत काम उत्तम होतं. भाकरी थापायचा प्रयत्न केला, सोडला. चुरमुरे पचायला हलके.

१६ फेब्रुवारी
उगवण फर्स्टक्लास. लव्हाळाही उगवला. दिवसभर खुरपं. काही रोपं लव्हाळ्याबरोबर निघाली. कमकुवतच असणार. शेजारच्या गोजरबाईने कुंपणावरून विचारलं, "वैनी कवा येनार?" कलिंगडं झाली की, म्हणालो. "मंग लई दिस हायेत," म्हणाली. बाईला नसत्या चौकशा.

१० मार्च
पिवळी फुलं! पण त्यांवर मधमाश्यांची झुंबड. पंचा घेऊन दुपारपर्यंत हाकलल्या. फुलं आली, असा राहात्याला निरोप धाडला. सौ.चा उलट निरोप: बरं.

२ एप्रिल
फुलं गळाली. उन्हाचा दोष. एका वेलीला मात्र लिंबाएवढं फळ आहे. एकच, पण सिस्टिम सिद्ध झाली. आजपासून त्या वेलीभोवती दुप्पट खुरपणी.

५ एप्रिल
मुळाशी हराळी दिसली. ओढली. वेलही आली.
वाफा आता आरशासारखा स्वच्छ. संध्याकाळी मधोमध उभा राहिलो. लीना असती तर पोट धरून हसली असती. आज इतकंच. डोळ्यांत माती गेली आहे.

१४ एप्रिल
राहात्याला गेलो. बाजारातून मोठं कलिंगड घेतलं. घरचं म्हणून सांगायचं, सौ. तडक निघेल, असा प्लॅन.
सौ.ने पाणी दिलं. वाळली आहे. मी खुरपणी, शिस्त, रिझल्ट, सगळं सांगत सुटलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, ती गेल्यापासून तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत. जाई उपटताना तरी घेतलंत का?"
मला म्हणायचं होतं, लीना. तोंडून निघालं, "कापून तर बघ, गोड असेल."
मेव्हण्याने कापलं. आतून पांढरंफटक.
सौ.ने एक फोड उचलली, सावकाश खाल्ली. म्हणाली, "आपल्या परसातलंच दिसतंय."
हो म्हणालो.
शेवटच्या मोटारीने परतलो. एकटाच.