पांढरी चारचा दगा

रत्नागिरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आमचे मेहुणे रा. रा. हरिश्चंद्रराव यांना आप्पा हरदासाचा नमस्कार. (नमस्कार तुम्हाला आहे, तुमच्या चिरंजिवांना नाही. पत्र वाचताना ते शेजारी बसले असतील तर त्यांनी तो उचलू नये.) तुमचा गुडघा आता कसा आहे? आमच्या बहिणीचा, आनंदीचा खोकला गेला का? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे कलमांना मोहोर बरा धरला आहे, म्हैस दूध देते आहे आणि मी संतापाने जळतो आहे.

तुमचा विठू परवाच्या बोटीने तुमच्याकडे पोचला असेलच. का आला हे त्याने सांगितलं नसणार. तो मुळात काही सांगतच नाही आणि तोच त्याचा गुन्हा आहे, म्हणून मी सांगतो.

तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही (याबद्दल मला तुमच्याविषयी नेहमीच आदर वाटत आला आहे), तेव्हा आधी थोडं समजावतो. कीर्तनात हरदास पुढे उभा राहतो आणि पेटीवाला व तबलजी त्याच्या मागे बसतात. म्हणजे माझं तोंड लोकांकडे आणि या दोघांची तोंडं माझ्या पाठीकडे. पेटीवर पट्टी कुठली धरायची, म्हणजे सा कुठल्या पांढऱ्या किंवा काळ्या सुरावर, हे हरदास सांगतो. पट्टी जितकी वरची तितका आवाज वर न्यावा लागतो. माझी पट्टी पांढरी चार. मिसरूड फुटल्यापासून पांढरी चार. या जिल्ह्यात एवढ्या वर गाणारा दुसरा हरदास नाही, हे मी स्वतः पुष्कळांना सांगितलेलं आहे. तुमचा मुलगा माझ्यामागे बसायला लागला तेव्हा मला त्याचं काहीच पसंत नव्हतं. मधोमध पाडलेला भांग पसंत नव्हता, नाटकांतल्या चाली पसंत नव्हत्या आणि मी श्वास घ्यायला थांबलो की मधल्या जागेत तो ज्या हरकती घेई त्या तर मुळीच पसंत नव्हत्या. लोक तेव्हा ‘वा’ म्हणत, पण ते कोणाला म्हणत हे मला वळून विचारता येत नसे. तरी भाचा म्हणून मी गिळलं सगळं.

आणि एक नवल घडलं. माझा आवाज वयाबरोबर मोकळा व्हायला लागला. जिथे पूर्वी मानेच्या शिरा ताणाव्या लागत तिथे आता सहज जाऊ लागलो. मी याचं श्रेय ज्येष्ठमधाला दिलं. गावातल्या दोन वकिलांना आणि एका मामलेदाराला मी ज्येष्ठमध सुरू करून दिला. (मामलेदारांचं पोट बिघडलं, तो वेगळा विषय आहे.) गंगाराम तबलजीने मध्यंतरी मोठ्या तोंडाचा तबला घेतला, तेव्हा त्या तबल्यापुढे नारळ मी माझ्या हाताने फोडला. मोठ्या तोंडाचा तबला खालच्या पट्टीला लागतो, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण माणूस आपल्याच मंडळींवर संशय कशाला घेईल?

आता भाट्ये गावातली गोष्ट ऐका. तिथल्या सप्ताहात माझं कीर्तन होतं आणि विठू मित्राच्या लग्नाला अंजनवेलीस गेला होता. म्हणून मिरकरवाड्यातल्या केरूला पेटीवर बसवलं. केरू सरळ माणूस, भजनात वाजवतो. मी ऐटीत सांगितलं, पांढरी चार. त्याने दिली. सुरुवातीलाच घसा आवळल्यासारखं झालं, पण मला वाटलं खाडीवरचा वारा असेल. पुढे चढाची ओळ आली, मी वर गेलो, आणि तिथे आवाज नव्हताच. कोंबडीवर पाट पडावा तसा काहीतरी आवाज निघाला. आख्यान द्रौपदीवस्त्रहरणाचं असतं तर निभावलं असतं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले असते. पण होतं रुक्मिणीस्वयंवर. पहिल्या रांगेतली पोरं हसली आणि मग मागचे म्हातारेही हसले. मी कसंबसं गद्यात लग्न लावलं आणि आरती उरकली.

बाहेर येऊन मी केरूला नाही नाही ते बोललो. तो पेटी खांद्यावर घेऊन शांत उभा होता. म्हणाला, “आप्पानू, तुमी सांगितलाव तीच पट्टी हाय. माजी बोटा खोटा बोलत नाय.” मला ते पटेना. खाऱ्या हवेने त्याच्या पेटीचे सूर चढले असणार असं मी जाहीर केलं आणि ताळा पाहायला एका वकिलाची पेटी आणली, मग शाळेतल्या मास्तरांची आणली. आमच्या पडवीत तीन पेट्या ओळीने बसल्या आणि तिघींनी एकमताने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. आमची सौ. राही त्यांना वळसा घालून घालून स्वयंपाक करत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती, यावरून तिलाही ठाऊक होतं असं मी आता धरून चाललो आहे.

तेवढ्यात तुमचे चिरंजीव लग्नाचे लाडू घेऊन आले. तीन पेट्या पाहिल्या आणि दारातच उभे राहिले. मग सगळं बाहेर आलं, तो गुपचूप पट्टी खाली खाली उतरवत आला होता. आधी पांढरी तीन, मग काळी दोन, आणि गेल्या शिमग्यापासून चक्क काळी एक! मी ‘पांढरी चार’ म्हणायचो, मागून ‘हो मामा’ यायचं आणि बोटं भलतीकडेच जायची. तंबोराही तोच लावायचा. गंगाराम सामील. म्हणजे भर सभेत, देवासमोर, माझ्या पाठीमागे एक सबंध कट चालू होता आणि त्या कटाच्या तालावर मी नाचत होतो. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? खाली मान घालून म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही गाणं सोडलं असतंत, मामा.”

मी सोडलं असतं की नसतं, हे ठरवणारा हा कोण? माझा आवाज, माझी पट्टी, आणि म्हातारा झालो ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी मला! मी त्याला सांगितलं की पुन्हा माझ्यामागे बसू नकोस. तो जेवलाही नाही, बंदरावर गेला. तेव्हा तुम्ही त्याला चांगला फैलावर घ्यावा, गोदीत कारकुनीला चिकटवावा आणि पेटीला हात लावू देऊ नये. हा माझा पक्का निर्णय आहे.

कळावे, लोभ आहेच, तो तुमच्यापुरता.
आप्पा

ता. क. गोदीतल्या नोकरीची घाई करू नये. तिथे ओझी पडून बोटं चेमटतात असं ऐकतो.

ता. क. दुसरा. केरूबरोबर काल बसून पाहिलं. वाजवतो चोख. पण त्याला तोंडाने ‘काळी एक दे’ असं सांगावं लागतं आणि ते माझ्याच्याने होत नाही. दोनदा तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. दत्तजयंतीचं कीर्तन ठरलेलं होतं, ते आजारी आहे म्हणून कळवून टाकलं. राहीने निरोप पोचवला.

ता. क. तिसरा. पौषात इथल्या देवळाचा उत्सव आहे. त्याआधीच्या बोटीने विठूला पाठवावा. मी म्हणालो असं सांगू नये, मामीने बोलावलं म्हणून सांगावं. मी पांढरी चारच मागणार, हे त्याने गृहीत धरावं. फक्त एक गोष्ट त्याच्या कानावर घाला. काळी एकही आता मला उंच पडते आहे.