मोरपंखी पिकअप आणि बाकीची मालमत्ता

मी शकुबाई सहादू गांगुर्डे, वय एकाहत्तर, शिक्षण तिसरी पास, राहणार म्हसरूळ, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. कोणी बळजबरी केली नाही, कोणी चहात काही घातलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आहे, पण सरोजिनी वकीलबाई म्हणाल्या, "आजी, वाकडं असलं तरी चालेल, तुमचंच पाहिजे." त्यांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यात गप्पा मारायला जागाच नव्हती, म्हणून मी कोरा घेतला.

वर नवऱ्याचं नाव आलंय ते कागदाला लागतं म्हणून. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही. पुढे मी त्यांना 'हे' लिहीन, ते त्यांनी समजून घ्यावं.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची पडवी, माझा मुलगा अमोल याला. पश्चिमेची भिंत पाणी पिते, ती त्याने बघावी. मुलगी छाया मनमाडला सुखात आहे, जावई रेल्वेत आहेत. तिला माझी सोन्याची पोत आणि माहेरचं तांब्याचं घंगाळ. पोस्टातलं पुस्तक दोघांनी अर्धं अर्धं करावं आणि त्यावरून नणंद-भावजयीने तोंड फिरवू नये.

घंगाळाचं सांगायचं राहिलं. माझं माहेर येवल्याचं. वडील पैठणीचं रेशीम रंगवायचे. आम्हा बहिणींचे हात कोपरापर्यंत कधी राणी, कधी आंबा, कधी वांगी रंगाचे असायचे. लग्नात मेंदी चढलीच नाही, आधीचाच रंग गेला नव्हता. वडील म्हणायचे, आधी तुरटी, मग रंग, मग धीर. ते घंगाळ मी सासरी आणलं आणि चाळीस वर्षं त्यात अंघोळीचं पाणी तापवलं. देवाची कृपा, की म्हातारपणी त्यात पुन्हा रंग उकळला.

कलम दोन. पिकअप गाडी, सन २००८ ची, कागदावर माझ्या नावाची. ही माझी नात पिंकी, म्हणजे अमोलची मुलगी, हिला. गाडीला भंगारात देण्याचा हक्क अमोलला नाही. हे कलम मी ठळक लिहिलंय, पेन दोनदा फिरवून.

गाडी माझ्या नावावर कशी, असं लोक विचारतात. हे दिंडोरीकडचा भाजीपाला पहाटे पंचवटीच्या मार्केटला आणायचे, दुसऱ्याच्या गाडीवर. स्वतःची घेतली तेव्हा माझ्या नावाने घेतली. मी म्हटलं, मला चालवता येत नाही, माझ्या नावाने कशाला? तर म्हणाले, "आता भांडण झालं तर मलाच पायी जावं लागेल. म्हणून भांडणार नाही." आणि फार भांडले नाहीत. त्याबद्दल मी आभारी आहे. ते राहून गेलं होतं, इथे लिहिते.

हे गेल्यावर गाडी चार वर्षं कडुनिंबाखाली उभी राहिली. आत उंदीर झाले, सीटचं रेक्झिन फाटलं, छताचं कापड लोंबून डोक्याला लागायचं. शेजारीण कमळाबाई बॉनेटवर मिरच्या वाळवायची. उचल म्हटलं तर म्हणायची, "तुमच्या गाडीचा तेवढा तरी उपयोग." हे मी विसरले नाही. उरलेला मोरपंखी रंगाचा डबा तिला द्यावा, तिच्या संडासाच्या दाराला पुरेल.

अमोल म्हणाला, "आई, देऊन टाकू भंगारात. पिंकीला बँकेची परीक्षा द्यायची आहे, तिचं डोकं गाडीत घालू नको." दुसऱ्या दिवशी पिंकी क्लासवरून येताना मेकॅनिक घेऊन आली. इंजिन तिसऱ्या दिवशी बोललं. मग मला म्हणाली, "आजी, बाहेरून कशीही दिसू दे. पण मला रोज आत बसायचंय. आतून रंगवू या?"

मला येवल्याचं काय काय आठवलं. मी घंगाळ चुलीवर ठेवलं.

इथे माझी चूक झाली, ती मी मान्य करते. मी रेक्झिनला रेशीम समजले. तुरटी लावली, मोरपंखी रंग उकळला आणि फडक्याने सीटवर गरम गरम चोळला. दोन दिवस वाळवला. सीट अशी दिसायला लागली की मी तिची दृष्ट काढली. त्याच दिवशी अमोलची मोटरसायकल पंक्चर. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीचं लग्न पंचवटीत, भर मे महिना. पांढरी पँट घालून तो पिकअप घेऊन गेला. घामाने सगळी तुरटी आणि सगळा मोर त्याच्या मागे उतरला. कार्यालयाच्या दारात कोणीतरी म्हणालं, "काय गांगुर्डे, रहाडीत बसून आलात?" रंगपंचमीला पंचवटीत रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारतात, तसं. तो न जेवता, भिंतीला पाठ लावत बाहेर पडला आणि घरी आला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पिंकीशी पंधरा. आणि भंगारवाल्याला फोन लावून ठेवला, रविवारी ये म्हणून.

आमच्या हातात पाच दिवस होते.

पेठ नाक्यावर रंगनाथ सीटवाला आहे, यांच्या ओळखीचा. त्याने सीटवर बोट फिरवलं, निळं झालेलं बोट मला दाखवलं. "मावशी, कापड रंग पितं. रेक्झिन पीत नाही, पांघरतं. तुम्ही त्याला जबरदस्तीने पाजलंत." मी म्हटलं, मग पांघरायला शिकव. त्याने शिकवलं. सीट साबणाने तीनदा धुतली, स्पिरीटने पुसली, फाटलेलं त्याने शिवून दिलं. बारीक पॉलिश पेपर मारला. मग रेक्झिनचाच रंग, पण मोरपंखीच, पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. एकदम जाड लावला की सोलतो. दाराचे पॅड आणि डॅशबोर्ड तसेच केले, वांगी रंगाचे. छताचं कापड मात्र मी काढून घंगाळात घातलं, ते माझं राज्य. आंबा रंग असा बसला की रंगनाथ मान वर करून बघतच राहिला. म्हणाला, "हे मला नाही जमणार." माझा हा पगार मला पोचला.

दाराच्या कडेला, जिथे यांचं कोपर टेकायचं, तिथे काळा चकाकता डाग होता. पिंकी म्हणाली, "आजी, तेवढं आजोबांचं ठेवू." मी म्हटलं, नको. माणूस गेला, त्याचा मळ कशाला पुजायचा? पेपर मार. तिने मारला. थोडं रडले, ते रंगाच्या वासाने.

रविवारी भंगारवाला आला. आत डोकावला आणि अमोलला म्हणाला, "साहेब, थट्टा करता का?" आणि गेला. त्या माणसाचंही मी देणं लागते, नाव माहीत नाही.

गाडीचं पासिंग झालंय. पिंकीकडे लायसन आहे. पहाटे भाजी, दहाला क्लास, असं तिने ठरवलंय. परीक्षाही देणार आहे. पास झाली तर गाडी विकायची की ठेवायची, ते तिने ठरवावं, माझी अट नाही. वकीलबाई म्हणतात हे कलम मी मेल्यावर लागू होईल. तोपर्यंत गाडी माझी, आणि माझ्या गाडीवर ड्रायव्हर कोण, ते मी सांगणार. गाडी ठेवू या म्हटलं की अमोल अजून "बघू" म्हणतो. त्याचं "बघू" म्हणजे नाही, हे त्याच्या आईला कळतं.

कलम तीन. माझ्या मागे रडारड बेताची करावी. मी समाधानी आहे. मला चांगला नवरा, दोन मुलं आणि एक नात मिळाली. एकाहत्तराव्या वर्षी हात पुन्हा कोपरापर्यंत रंगले, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

जोड. हे मी वकीलबाईंच्या ऑफिसात बसून लिहिते, सहीच्या आधी. आज आम्हाला पिंकीने आणलं. पुढे तीनच माणसं मावतात. पिंकी, मी आणि साक्षीला येणाऱ्या मंगलाबाई. अमोल म्हणाला, मी मागून रिक्षाने येतो. मग काय वाटलं कोण जाणे, मागे हौद्यात चढला आणि दांडीला धरून इथपर्यंत उभा राहून आला. मी आरशातून बघत होते, तो वाकून मागच्या काचेतून पिंकीच्या हाताकडे बघत होता. उतरल्यावर केस झटकले आणि पोरीला म्हणाला, "वळणावर गिअर जरा आधी खाली घेत जा."

भंगारात जाणाऱ्या गाडीसाठी कोणी असं सांगत नाही. कलम दोन मी दोनदा पेन फिरवून लिहिलं होतं. एकदा फिरवलं असतं तरी पुरलं असतं.

वरील सर्व मला वाचून दाखवलं, म्हणजे मीच वाचलं, आणि ते खरं आहे.

सही: शकुबाई सहादू गांगुर्डे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. मंगलाबाई दामू पगारे, राहणार म्हसरूळ
२. रंगनाथ विठोबा साबळे, सीट कारागीर, पेठ नाका

ठिकाण: नाशिक
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५